ठकीच्या माहेरचं हवामान

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं भांडण एका झाडावरून झालं आणि ते घरातल्या पातेल्यांपर्यंत पोचलं. आमच्याकडे कुणी चिडलं की तो भांडी घासायला घेतो. त्या आठवड्यात मी आणि बाबा आळीपाळीने इतके चिडलो, की स्वयंपाकघरात एकही पातेलं काळं उरलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "चालू दे तुमचं. खिडक्यांच्या काचा अजून राहिल्यात."

बाबा वनस्पतिउद्यानात मुख्य माळी. मी त्याच उद्यानात, त्यांच्या जुन्या काचघरासमोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर संगणकापुढे बसते. लग्नाच्या आधी सहा वर्षं आम्ही एकमेकांना ओळखत होतो आणि तेव्हाही आमचं पटत नव्हतं. त्यांना विसरलेला चष्मा द्यायला एकदा त्यांचा मुलगा आला आणि चुकून माझ्या खोलीत शिरला, तिथून पुढचं सगळं झालं. बाबा अजून म्हणतात, चष्म्याविना दोन तास काढले असते तर बरं झालं असतं.

माझं काम सांगायला गेलं की लोक घड्याळाकडे बघायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगते. समजा, तुमच्या घरातल्या सगळ्या आत्या, काका, चुलत भावंडं उकाड्याने हैराण होतात आणि गारठा पडला की खुलतात. तर तुमची खापरपणजी, जिला तुमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही, ती काही वाळवंटात रमणारी नसावी, असं कुणीही म्हणेल. मीही तेच म्हणते. फक्त आकडे मांडून म्हणते, झाडांबद्दल म्हणते आणि काही लाख वर्षं मागे जाऊन म्हणते. एकेका जातीचे नमुने कुठे कुठे सापडले ते ठिपके नकाशावर मांडायचे, प्रत्येक ठिपक्याची थंडी, ऊन, पाऊस लिहून काढायचा, आणि मग वंशावळीवरून एकेक पिढी मागे सरकत पूर्वजांना कसली हवा मानवत होती त्याचा अंदाज बांधायचा. बाबा याला "झाडांच्या मेलेल्या आज्यांची चौकशी" म्हणतात.

भांडण ठकीवरून होतं. ठकी म्हणजे एक नेचा. तिचं शास्त्रीय नाव दोन ओळींचं आहे, म्हणून बाबांनी तिला ठकी केलं आणि संचालकबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणायला लागले. गुडघ्याएवढी उंची, पानांना झालरीसारखी कड. नेच्याला फूल नसतं, बी नसतं; पानाच्या पाठीवर तपकिरी भुकटी धरते, ते त्याचे बीजाणू. रानात ठकी दोनच जागी सापडली होती. एक जागा धरणाच्या पाण्याखाली गेली, दुसरीवरून रस्ता गेला. उरल्या त्या बाबांच्या काचघरातल्या एकतीस. जगात तेवढ्याच.

त्या एकतीसही बाबांनी नऊ वर्षांत हाताने वाढवलेल्या. विटेचा चुरा चाळायचा, त्यावर बीजाणू भुरभुरवायचे, बारीक कुंचल्याने थेंब थेंब पाणी द्यायचं आणि वर्षभर वाट बघायची. शंभरातलं एखादं रुजायचं. ठकी जगत होती, पण आपणहून तिने कधी एक पोर जन्माला घातलं नव्हतं. बाबांना ते फार लागायचं. "मी गेल्यावर हिचं कोण करणार?" असं ते कुंड्यांसमोर उभं राहून म्हणायचे आणि आपण हे मोठ्याने बोललो हे लक्षात आलं की माझ्यावर खेकसायचे.

आता काचघरच पाडायचं ठरलं होतं. लोखंड गंजून चाळणी झालं होतं, वारा सुटला की तावदानं निसटत होती. नव्या काचघरात बाबांनी आधी चार ठक्या नेऊन पाहिल्या होत्या, त्या महिन्याभरात गेल्या. एकतीस होत्या त्या त्यानंतर उरलेल्या. शेवटी वनखात्याने तीन जागा सुचवल्या आणि त्यातली एक निवडायला सांगितलं. सगळ्या ठक्या एकाच ठिकाणी लावायच्या, कारण बीजाणू दाट पडले तरच पुढची पिढी धरायची काही आशा. पहिली जागा डोंगराचा माथा. दुसरी नदीचा काठ, जुन्या गिरणीजवळ. तिसरी एक खोल घळ, दोनशे सत्तर पायऱ्या उतरून जायची. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत आमचं पत्र जायला हवं होतं. जागा चुकली की ठकी संपली, पुन्हा करून बघायला दुसरी कुठे नव्हतीच.

ठकीला कसली हवा लागते हे तिच्या दोन पुसल्या गेलेल्या पत्त्यांवरून कळणं शक्य नव्हतं. तेव्हा तिच्या सोळा भावंडांना हाताशी धरून तिचं माहेर शोधायचं काम माझ्याकडे आलं. तीन महिने मी त्यात डोकं खुपसून बसले. उत्तर आलं, अकरा अंश. थंड, कोरडी, उंचावरची जागा. म्हणजे माथा.

बाबांनी ऐकलं आणि पातेलं खाली ठेवलं.

"अकरा अंशाला मी स्वेटर घालतो. तिला कोण घालणार? तू?"

"बाबा, तुम्ही तिला लाडावून ठेवलीय. तिचे पूर्वज तिथलेच आहेत."

"तिचे पूर्वज तुला येऊन सांगून गेले का? मी नऊ वर्षं तिच्या मुळाशी बोटं घालून बघतोय. तिला ऊब लागते. काठावर लावा, नदीचं पाणी आहे, ऊबही आहे."

"आणि बसथांबाही आहे," सासूबाई आतून म्हणाल्या.

तेही खरं होतं. ज्या दिवशी काचघर बंद व्हायचं त्याच दिवशी बाबा निवृत्त व्हायचे होते. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. काठावर लावल्या असत्या तर बसमधून उतरलं की दहा पावलांवर ठक्या. माथ्यावर लावल्या तर त्यांना त्या पुन्हा दिसणार नव्हत्या. हे मला कळत होतं आणि त्यामुळेच मी जास्त तडकत होते. झाडाचा जीव आणि म्हाताऱ्याची हौस यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात नवऱ्याला सांगितलं. त्याची बेकरी, तो पहाटे उठतो आणि संध्याकाळी कुणाचीच बाजू घेण्याच्या स्थितीत नसतो. "दोघांचंही बरोबर आहे," तो म्हणाला आणि झोपला.

गुरुवारी मी पत्र लिहून संचालकबाईंच्या टेबलावर ठेवलं. एक दिवस आधीच. बाबांनी आणखी काही बोलायच्या आत विषय मिटवायचा होता.

शुक्रवारी सकाळी न्याहारीला बसलो. मी माझे छापील कागद टेबलावर आणून आपटले होते. म्हटलं, घ्या, एकदा नजरेखालून घाला म्हणजे मनात काही राहायला नको. बाबांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता खोड काढणार. एका हातात उकडलेलं अंडं, दुसऱ्या हाताचं बोट रकान्यावरून खाली खाली.

"सूनबाई, ही ठकीची थोरली बहीण. सगळ्यात जवळची म्हणालीस ना?"

"हो. म्हणून तर उत्तर तिच्यावर सगळ्यात जास्त अवलंबून आहे."

"कुठे असते ही?"

"खूप लांब. थंड मुलूख. चार महिने बर्फ असतो तिकडे."

"आणि हा शेवटचा रकाना कसला?"

"नमुना कुठल्या महिन्यात तोडला तो. आणि त्या वेळी बीजाणू पिकलेले होते का."

"जानेवारी, पिकलेले," बाबा वाचायला लागले. "जानेवारी, पिकलेले. फेब्रुवारी, पिकलेले. डिसेंबर, पिकलेले." अंड्याचा पिवळा बलक कागदावर सांडला, त्यांचं लक्ष नव्हतं. "बर्फ कधी असतो म्हणालीस?"

"डिसेंबर ते..." मी म्हटलं आणि तिथेच थांबले.

"कमरेएवढ्या बर्फात उभी राहून ही बीजाणू पिकवते? नेचा आहे की कोण आहे? आणि ते तोडायला गेलं कोण?"

मी पिशवीतून लॅपटॉप काढून उघडला. थोरलीचे एक्केचाळीस नमुने. त्यातल्या छत्तीसांचे अक्षांश-रेखांश एकच, दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत तेच. मी त्या जागेचं आकाशातून काढलेलं छायाचित्र उघडलं आणि मोठं करत गेले. डोंगर नाही, दरी नाही. एक करडं छप्पर दिसलं, त्याच्यासमोर सायकली लावायची जागा आणि एक पाटी. ज्या संग्रहालयात थोरलीची वाळवलेली पानं ठेवलेली होती, ते हेच. जुन्या कागदांवर झाड कुठून आणलं हे कुणी लिहिलेलंच नव्हतं. नोंदी भरणाऱ्याला रकाना मोकळा सोडवला नसेल, त्याने कपाट जिथे आहे तिथला पत्ता भरून टाकला. आणि मी गेले तीन दिवस त्या कपाटाचं हवामान काढून ठकीचं माहेर म्हणून मिरवत होते.

बाकीच्या सगळ्या भावंडांचा एकेक ठिपका मी स्वतः नकाशावर तपासला होता. समुद्रात पडलेले ठिपके काढले होते, शहरातले काढले होते. थोरली सापडत नव्हती. ती अगदी शेवटी, सोमवारी दुपारी हाती लागली. मी खुर्चीतच नाचले आणि न तपासता तिला आत घेतलं. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. मला तोंड लपवायला जागा हवी होती आणि समोर फक्त टोस्टची बशी होती.

"माझं चुकलं, बाबा," मी म्हटलं आणि काय झालं ते सांगितलं.

मी वाट बघत होते की आता बाबा घर डोक्यावर घेणार. पण आधी सासूबाईच बोलल्या.

"म्हणजे थंडी कपाटाला वाजत होती?"

आणि बाबा हसले. असे हसले की अंडं खाली पडलं, खोकला आला, पाठीवर थापट्या माराव्या लागल्या, आणि थोडा दम आल्यावर "कपाटाला!" म्हणून पुन्हा हसले. मग मलाही हसू आवरेना. गेल्या तीन दिवसांची सगळी घासलेली पातेली समोर चकाकत होती, त्यांच्याकडे बघून तर आणखीच.

"पत्र गेलं?" बाबांनी एकदम विचारलं.

"काल टेबलावर ठेवलं."

"मग बसलीस काय? ऊठ!"

उद्यानापर्यंत आम्ही कसे गेलो ते आठवत नाही. बाबा माझ्याबरोबर दोन जिने चढून आले, गुडघे कुरकुरत असताना, आणि माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. थोरलीचे पाच नमुने खऱ्या पत्त्यांचे होते. कुठल्याशा बेटावरच्या ओल्या, ठेंगण्या टेकड्या. बाकीचे छत्तीस मी काढून टाकले आणि गणित पुन्हा लावलं. चाळीस मिनिटं लागतात त्याला. बाबांनी तेवढ्यात माझ्या खिडकीतल्या तिन्ही कुंड्यांची माती उकरली आणि मी पाणी कसं चुकीचं घालते ते सांगितलं.

उत्तर आलं. एकोणीस अंश, भरपूर पाऊस.

"ऊब!" बाबा ओरडले. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं. "मी काय सांगत होतो? काठ! काठावर लावा!"

मी पुढची ओळ वाचली आणि माझा आनंद जागच्या जागी विरला. ठकीच्या माहेरी नुसती ऊब नव्हती. तिथल्या सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम महिन्यांत जेमतेम सहा अंशांचा फरक होता. वर्षभर एकसारखी, सावलीची, ओली हवा. वनखात्याने तिन्ही जागी चार वर्षं तापमापक टांगून ठेवले होते, त्यांचे आकडे माझ्याकडे होतेच. काठावर फरक होता बावीस अंशांचा. उन्हाळ्यात तिथला दगड भाजतो. घळीत फरक होता सात, आणि सरासरी एकोणीसच्या आसपास.

बाबांना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. आत्ताच हा माणूस लहान मुलासारखा ओरडला होता. आत्ताच त्याने माझी चूक पोटात घातली होती. एकदा वाटलं, काठ म्हणावं आणि मोकळं व्हावं, एकोणीस अंश तर आलेच आहेत. पण ठकी उन्हाळ्यात जळाली असती. मी पडदा त्यांच्याकडे वळवला आणि दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं.

"घळ," मी म्हटलं. "काठ नाही, बाबा. घळ. दोनशे सत्तर पायऱ्या आहेत, मला माहिती आहे."

त्यांनी आकडे वाचले. मग चष्मा काढला आणि पुसला, पण या वेळी खोड काढली नाही.

"काचघरात मी उन्हाळ्यात गोणपाट ओलं करून टांगायचो," ते हळूच म्हणाले. "थंडीत शेगडी ठेवायचो. नऊ वर्षं. सहा अंशांच्या फरकातच ठेवली असणार मी तिला, माझं मलाच ठाऊक नव्हतं."

"पण तुम्हाला जाता येणार नाही हो तिथे."

"राहायचं तिला आहे, मला नाही. चल, बाई निघून जातील."

पावणेबाराला आम्ही संचालकबाईंच्या दारात होतो. पत्र पाकिटात होतं, पाकीट शिपायाच्या हातात. मी ते जवळजवळ हिसकावून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळी कबुली दिली. बाईंनी शांतपणे ऐकलं. "कपाटाचा पत्ता," त्या म्हणाल्या, आणि ज्यांना मी अकरा वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं त्या बाई टेबलावर कपाळ टेकून हसल्या. मग डोळे पुसून नव्या पत्रावर सही केली आणि मला बजावलं, की ही चूक मी लेखात सविस्तर लिहायची, स्वतःच्या नावानिशी. मी लिहिली.

लावणीच्या दिवशी बाबा येतोच म्हणाले. पायऱ्या निसरड्या, कठडा नाही. ते पहिल्या पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकत गेले. त्यांच्यापुढे नवरा उलटा चालत, मागे मी. वरून सासूबाई ओरडत होत्या, "पँट फाटली तर शिवणार नाही हं!" उतरायला दीड तास लागला. एकतीस ठक्या त्यांनी स्वतः लावल्या, प्रत्येकीच्या मुळाशी बोटं घालून. वर नेताना नवऱ्याने त्यांना पाठुंगळी घेतलं. पिठाची पोती उचलणारा माणूस, पण शंभराव्या पायरीला तोही म्हणाला, "बाबा, तुम्ही मैद्यापेक्षा जड आहात."

त्यानंतर दर महिन्याला मी घळीत जायची आणि घरी येऊन माहिती द्यायची. बाबा परीक्षा घेतल्यासारखे विचारायचे. कोंब किती? कड तपकिरी आहे का? पान दाबलं तर कसं लागतं? चौथ्या महिन्यात दोन ठक्या गेल्या. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, मीही नीट जेवले नाही. पाचव्या महिन्यात कुणी गेलं नाही. सहाव्यातही नाही. उन्हाळा आला, शहरात डांबर वितळलं, घळीत एकोणतीसच्या एकोणतीस ठक्या पंखे पसरून बसल्या होत्या.

तेराव्या महिन्यात मी सांगितलं, "सगळ्या ठीक. फक्त मागच्या खडकावर शेवाळ चढतंय. गेल्या वेळेपेक्षा वाढलंय."

"गेल्या वेळेपेक्षा? मग गेल्या वेळी का नाही बोललीस? शेवाळाने गुदमरतील त्या! खरवडायला पाहिजे. उद्या मी येतोय."

कुणी कितीही समजावलं तरी ऐकेनात. दुसऱ्या दिवशी तीच वरात निघाली: बसून उतरणारे बाबा, उलटा चालणारा नवरा, मागे मी आणि माझ्या पिशवीत घासणी. खाली पोचल्यावर बाबा आधी प्रत्येक ठकीपाशी थांबले. मग खडकाजवळ गेले, हात टेकून वाकले आणि घासणी मागायला हात मागे केला.

मी घासणी दिली. त्यांनी ती घेतली नाही. हात तसाच हवेत राहिला.

ते आणखी वाकले. नाक खडकाला लागलं. मला वाटलं पाठीत उसण भरली, म्हणून मी धावले. खडकावर नखाएवढे, बदामाच्या आकाराचे हिरवे चट्टे होते. शंभर असतील, दोनशे असतील. मी दोन महिने त्यांना शेवाळ समजत होते. बाबांनी एका चट्ट्याखाली करंगळी धरली, तेव्हा दिसलं, त्याच्या पोटाखालून केसाएवढा देठ वर आला होता आणि त्याच्या टोकाला झालरीची कड असलेलं एक पान होतं, मुंगीवर सावली पडेल एवढं.

"बाबा, हे..."

"शू."

वरून पाणी ठिबकत होतं. बाबा एका चट्ट्यावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर नजर नेत होते, जिथे त्यांचा हात कधी पोचला नसता तिथपर्यंत, खडकाच्या पार वरच्या कडेपर्यंत. मग ते ओल्या दगडावर बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

"ही मी लावलेली नाहीत," ते म्हणाले. "ऐकलंस का गं? यातलं एकही मी लावलेलं नाही."